नंबर गेला, डोळे राहिले

लेझरने चष्मा घालवण्याबद्दल मराठीत जे काही छापून येतं, त्यात चष्मा उतरला की गोष्ट संपते. हे पुस्तक त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं. ज्यांची शस्त्रक्रिया कागदोपत्री यशस्वी ठरली, तक्त्यावरची खालची ओळ जे आजही घडाघडा वाचतात आणि तरी ज्यांचा सगळा दिवस डोळ्यांच्या कलाने चालतो, अशा धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या माणसांची निवेदनं इथे एकत्र आली आहेत. जोडीला काही नेत्रतज्ज्ञांचे लेख आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी डॉक्टर नाही, धुळ्यात चष्म्याचं दुकान चालवतो. चष्मेवाल्याने लेझरच्या त्रासावर लिहायला घेतलं की त्यात धंद्याचा वास येणारच. वाचकाने तेवढं वजा करून पुढे वाचावं. पण लेझर करून आलेला, तीन-चार तपासण्यांत ‘सगळं नॉर्मल आहे’ ऐकून आलेला माणूस शेवटी आमच्याच काउंटरवर येतो, हेही खरं. ‘रात्री गाडी चालवायला एखादी काच आहे का?’ असं विचारत येतो. मशीनवर नंबर काढला तर शून्य, फार तर पाव. मग तो आपल्या अहिराणीत म्हणतो, ‘दिसस, पन नीट दिसत नही.’ या क्षेत्रातला सगळा वाद या एका वाक्यात आहे.

तक्ता मोजतो ती उजेडात, पांढऱ्यावरची काळी ठळक अक्षरं. ती वाचली की डॉक्टर फाईलवर ६/६ लिहितात. पण समोरून अप्पर मारत येणाऱ्या ट्रकचा दिवा फुटून त्याची चांदणी होते, हे तक्त्यात येत नाही. एका अक्षराला दुसऱ्याची फिकट सावली असते, संध्याकाळी माणसांचे चेहरे धुरकट होतात, पहाटे पापणी उघडताना बुबुळ सोलून निघाल्यासारखं होतं, यातलं काहीही तिथे येत नाही. ‘सहा बाय सहा’ हे वाक्य खरं असतं आणि रुग्णाची तक्रारही खरी असते. दोन्ही एकाच वेळी खरी कशी, हे ज्याला समजून घ्यायचं आहे त्याला थोडं मागे जावं लागेल.

चष्मा घालवण्याची धडपड लेझरहून जुनी आहे. जपानमध्ये त्सुतोमु सातो यांनी १९३०-४० च्या दशकांत कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेला, आतून चिरा देऊन तिचा बाक कमी करण्याची पद्धत काढली. नंबर उतरायचा. पण कॉर्नियाच्या आतल्या बाजूचा पेशींचा एकेरी थर ती काच पारदर्शक ठेवतो आणि तो एकदा गेला की परत येत नाही, हे तेव्हा कोणाला नीट माहीत नव्हतं. वीसेक वर्षांनी त्या रुग्णांपैकी अनेकांच्या डोळ्यांवर पांढुरका पडदा आला. सातोंची ही हकिकत मला या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते. तिथे कोणी फसवलं नव्हतं, हात कच्चा नव्हता. शस्त्रक्रियेचा हिशेब वर्षभरात मांडला गेला आणि डोळ्याने तो दोन दशकांनी मांडला.

मॉस्कोच्या स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी १९७० च्या दशकात त्या चिरा बाहेरून द्यायला सुरुवात केली आणि पुढे तर त्यांच्याकडे रुग्ण अक्षरशः सरकत्या पट्ट्यावरून एका सर्जनकडून दुसऱ्याकडे जात. अमेरिकेत या पद्धतीचा रीतसर पाठपुरावा झाला. दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, निष्कर्ष छापले गेले तेव्हा ४३ टक्के डोळे एक नंबर किंवा त्याहून जास्त प्लसकडे सरकलेले होते. म्हणजे मायनस घालवायला गेले आणि हळूहळू प्लस घेऊन बसले.

चिरा देण्याऐवजी कॉर्नियाचाच आकार घडवावा, ही कल्पना मूळ बार्सिलोनाच्या आणि पुढे बोगोटात स्थायिक झालेल्या होसे इग्नासिओ बाराकेर यांची. त्यांनी कॉर्नियाची चकती कापून, गोठवून, लेथवर घासून परत बसवली. लेथची जागा लेझरने घेतली त्यात एक भारतीय माणूस आहे, याचा आपल्याकडे फारसा उल्लेख होत नाही. मद्रासमध्ये शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन आयबीएमच्या न्यूयॉर्कजवळच्या प्रयोगशाळेत होते. नोव्हेंबर १९८१ मध्ये, सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर त्यांनी १९३ नॅनोमीटरचा एक्सायमर लेझर मारून पाहिला. आजूबाजूचं मांस न भाजता नेमका थर उडाला. १९८३ मध्ये स्टीव्हन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञांबरोबर त्यांनी तो कॉर्नियावर वापरून दाखवला. क्रीट बेटावरच्या इओआनिस पालिकारिस यांनी पातळ झाकण उचलायचं, खाली लेझर मारायचा आणि झाकण परत ठेवायचं अशी जोडणी केली. तीच लॅसिक. झाकण न उचलता वरचा थर खरवडून केली जाणारी पीआरके त्याआधीची, आणि छोट्याशा फटीतून आतली चकती ओढून काढणारी स्माइल अलीकडची. फरक आहेत, पण तिन्हींत एक गोष्ट समान आहे: कॉर्नियाचा काही भाग कायमचा जातो आणि त्यातल्या नसा कापल्या जातात.

किती जातो, याचा हिशेब आमच्या पोरांनी स्वतः करून पाहावा म्हणून इथे देतो. कॉर्निया मध्यभागी सरासरी ५४० मायक्रॉन जाड असतो, अर्ध्या मिलिमीटरहून जेमतेम जास्त. सहा मिलिमीटर रुंदीचा भाग घडवायचा तर एका नंबरला साधारण १२ ते १५ मायक्रॉन लागतात. समजा एखाद्याचा कॉर्निया ५०० चा आहे, पात्याने उचललेलं झाकण १६० चं आहे आणि नंबर मायनस सात. सातला पंधराने गुणलं की १०५. खाली उरले २३५. झाकण परत चिकटतं, पण त्याची पूर्वीची ताकद येत नाही, त्यामुळे डोळ्याच्या आतला दाब पेलायची जबाबदारी त्या २३५ वर येते. किमान २५० उरावेत हा जगभरचा जुना ठोकताळा आहे आणि काळजीवाले सर्जन त्याहून जास्त ठेवतात. नाही ठेवले तर काही वर्षांत कॉर्निया पुढे फुगू लागतो. त्याला एक्टेशिया म्हणतात. थिओ झायलर यांनी १९९८ मध्ये लॅसिकनंतरचे असे रुग्ण जगापुढे मांडले. पुढे जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये रिबोफ्लेविन आणि अतिनील किरणांनी कॉर्निया कडक करण्याची क्रॉस-लिंकिंग पद्धत आली, तिच्यामागेही झायलरच होते.

हा मुद्दा महाराष्ट्राला जरा जास्तच लागू आहे. नागपूरजवळच्या खेड्यांत ३० वर्षांवरच्या चार हजारांहून अधिक माणसांच्या डोळ्यांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. कॉर्निया शंकूसारखा पुढे येण्याचा विकार, केराटोकोनस, त्यांत २.३ टक्के लोकांत आढळला. त्या पाहणीची व्याख्या थोडी सैल होती असा आक्षेप आहे, तो धरूनही आकडा दुर्लक्षावा असा नाही. सुप्त केराटोकोनस असलेल्या डोळ्यावर लेझर मारणं म्हणजे एक्टेशियाला आमंत्रण. आणि आपल्याकडे उन्हाळा लागला की धूळ, ॲलर्जी आणि डोळे चोळणं हे घराघरांत चालू असतं. लहानपणापासून डोळे चोळणाऱ्या मुलाच्या कॉर्नियाची नकाशा-तपासणी केल्याशिवाय त्याला लेझरच्या टेबलावर घेऊ नये, हे आज कोणताही जबाबदार डॉक्टर सांगेल.

आता खान्देशाकडे येतो, कारण या पुस्तकाचं वेगळेपण तिथे आहे. परदेशातल्या लेझर-त्रासाच्या लिखाणात रुग्ण बहुधा पोहणं, धावणं, दिसणं यासाठी शस्त्रक्रिया करून घेतलेला असतो. आमच्याकडे ती भरतीसाठी आणि लग्नासाठी होते. धुळ्यात राज्य राखीव दलाचं केंद्र आहे, भुसावळ हे रेल्वेचं गाव आहे, आणि शिरपूरपासून चाळीसगावपर्यंत पहाटे मैदानावर धावणारी पोरं दिसतात. छाती, उंची, धावणं सगळं जमतं आणि चष्मा आडवा येतो. मग बाप कापसाच्या पैशातून किंवा पतसंस्थेतून पैसे उभे करतो आणि पोरगा नाशिक, पुणे, सुरत किंवा इंदूरची गाडी धरतो. मुलींच्या बाबतीत बायोडाटा छापायच्या आधी आई म्हणते, ‘चष्मा काढून घेऊ एकदाचा.’

यातली विटंबना अशी की भरतीचे नियम पुष्कळदा कोणी वाचलेलेच नसतात. रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदाच्या जाहिरातीत लॅसिक किंवा नंबर घालवणारी कोणतीही शस्त्रक्रिया झालेले उमेदवार अपात्र, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. भुसावळच्या मुलाने ज्या नोकरीसाठी लेझर केलं, तिचीच दारं लेझरने बंद केली, असं निवेदन या संग्रहात आहे. हवाई दल काही शाखांना परवानगी देतं, पण वय २० च्या पुढे, शस्त्रक्रियेला वर्ष उलटलेलं, उरलेला कॉर्निया ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नको आणि डोळ्याची पुढून मागे लांबी २५.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, अशा अटींवर. ही लांबीची अट का, हे समजलं तर बरंच काही समजतं. मायनस नंबरचा डोळा लांब असतो. लेझर पुढची काच घासतो, डोळा काही आखूड होत नाही. मागचा पडदा ताणलेलाच राहतो आणि तो फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोकाही तसाच राहतो. नंबर गेला म्हणून पडद्याची वार्षिक तपासणी बंद करणारे लोक मी दर आठवड्याला पाहतो.

ज्या कारणासाठी शस्त्रक्रिया झाली, तेच कारण पुढे तोंड बंद करतं. नोकरीतल्या माणसाने ‘मला रात्री दिसायला त्रास होतो’ म्हटलं तर वैद्यकीय तपासणी लागेल. सासरी आलेल्या मुलीने डोळे जळतात म्हटलं तर लेझरची गोष्ट बाहेर येईल, जी कदाचित सांगितलेलीच नसेल. बापाला सांगावं तर त्याचे हप्ते चालू असतात. म्हणून माणूस गप्प बसतो, आणि डॉक्टरांच्या नोंदवहीत तो ‘समाधानी’ म्हणून जमा होतो. या पुस्तकातल्या बहुतेकांनी नाव न छापण्याच्या अटीवर लिहिलं, त्याचं कारण भित्रेपणा नाही.

त्रासाचं स्वरूप काय, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि नवख्या वाचकाला हे तट ओळखता यायला हवेत. बहुसंख्य सर्जनचं म्हणणं असं की योग्य रुग्ण निवडला तर गंभीर गुंतागुंत फार विरळा आहे आणि पूर्वीच्या चुका आजच्या तपासण्यांनी टळतात. यात तथ्य आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९५ टक्क्यांहून अधिक लोक समाधानी होते, आणि दृष्टीच्या त्रासामुळे रोजच्या कामात फार अडचण येणारे एक टक्क्याहूनही कमी. पण त्याच अभ्यासात, ज्यांना आधी दिव्याभोवती वलयं, चमक, दुहेरी प्रतिमा यांपैकी काही नव्हतं, अशांपैकी ४० टक्क्यांहून जास्त लोकांना तीन महिन्यांनी यातलं काहीतरी नव्याने जाणवत होतं, आणि कोरडेपणा नसलेल्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांना तो सुरू झाला होता. प्रचारक पहिला आकडा सांगतात, विरोधक दुसरा. दोन्ही एकाच कागदावर आहेत. दुसरी गोष्ट, एक टक्का हा आकडा लाखांच्या गर्दीत लहान नसतो, आणि त्या एकात जो असतो त्याच्यासाठी तो शंभर टक्के असतो.

प्रकाशशास्त्राकडून येणारे म्हणतात, दोष बाकाच्या सूक्ष्म अनियमिततेत आहे. अंधारात बाहुली मोठी होते, घडवलेल्या भागाच्या कडेपलीकडून उजेड आत शिरतो आणि दिव्याची चांदणी होते. लळिंगच्या घाटात रात्री गाडी चालवणाऱ्यांना हे स्पष्टीकरण चटकन पटतं. उपाय म्हणजे बुबुळावर पाण्याचा थर धरून बसणारी मोठी कडक स्क्लेरल लेन्स. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयात यातला बोस्टनहून आलेला प्रकार बसवून मिळतो. लेन्स महाग, जाणं-येणं महाग, आणि ज्या चष्म्यापासून सुटका करून घेतली त्याहून किचकट वस्तू रोज सकाळी डोळ्यात बसवायची. तरी ज्यांना ती जमली, त्यांची निवेदनं वाचताना मलाही हलकं वाटलं.

तिसरा विचार वेदनेचा. बोस्टनचे पेरी रोझेन्थल यांनी २००९ च्या सुमारास मांडलं की रंग टाकून तपासलं तर डोळ्यावर एकही जखम दिसत नाही, अश्रू पुरेसे असतात, तरी रुग्ण कळवळतो, आणि ती वेदना कल्पित नसते. स्पेनचे कार्लोस बेल्मोंते यांनी त्याआधीच सुचवलं होतं की कापलेल्या नसा चुकीच्या पद्धतीने वाढल्या तर कोरडेपणा नसतानाही मेंदूला कोरडेपणाचे निरोप जात राहतात, हात कापलेल्या माणसाला नसलेला हात दुखावा तसे. शरीरातल्या सर्वांत दाट नसांच्या जागांपैकी कॉर्निया एक आहे, हे लक्षात घेतलं की यात नवल वाटत नाही. अशा रुग्णाला ड्रॉपची चौथी बाटली देऊन काही होत नाही. त्याला वेदनातज्ज्ञ लागतो. आणि मनाचं दुखणंही त्यासोबत येतं. कित्येक महिने न झोपलेल्या माणसाचे विचार कुठे जातात हे दोन निवेदनांत आलं आहे. तशी वेळ वाचकांपैकी कोणावर असेल तर सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ वर चोवीस तास मराठीत बोलते.

या सगळ्या तटांच्या बाहेर आमचं हवामान आहे. एप्रिल-मेमध्ये जळगावचा पारा ४५ च्या आसपास जातो, वारा कोरडा, त्यात जिनिंगची रुई आणि रस्त्याची धूळ. एका शिक्षिकेने लिहिलंय: सकाळी सात वाजता फ्रीजमधून ड्रॉप काढायचा, स्टीलच्या डब्यात बर्फाच्या खड्यांवर ठेवायचा, डबा ओल्या फडक्यात गुंडाळायचा. शाळेत तिसऱ्या तासापर्यंत बर्फाचं पाणी झालेलं असतं. मग शिपाईमामा शेजारच्या लस्सीवाल्याकडून दोन खडे आणतात, तिला काय आजार आहे ते त्यांना माहीत नाही, खडे मात्र न सांगता येतात. तिचे ड्रॉप साधे नाहीत, तिच्याच रक्तातला द्रव वेगळा करून बनवलेले आहेत आणि ते थंड ठेवावेच लागतात. पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित दवाखान्यात लिहून दिलेलं औषध अमळनेरच्या पत्र्याच्या वर्गात कसं टिकवायचं, हे तिथल्या चिठ्ठीवर नसतं.

हे पुस्तक आत्ताच का, असं विचाराल तर माझं उत्तर मोतीबिंदू असं आहे. आपल्याकडे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ज्यांनी पंचविशीत लॅसिक केलं, ती माणसं आता पन्नाशीत आहेत. चाळिशीचा धक्का त्यांना बसून गेला आहे: मायनसवाला माणूस चष्मा काढून वाचू शकला असता, लेझरवाल्याला जवळचा चष्मा घ्यावाच लागला. पण खरी अडचण पुढची आहे. मोतीबिंदूत बसवायच्या लेन्सचा नंबर कॉर्नियाचा बाक मोजून काढतात, आणि नेहमीचं सूत्र मूळ कॉर्निया गृहीत धरतं. घासलेल्या कॉर्नियावर ते चुकतं आणि ऑपरेशननंतर माणूस प्लसमध्ये जातो. काचबिंदूसाठी मोजलेला डोळ्याचा दाबही पातळ कॉर्नियावर कमी दाखवला जातो. लेझरवाल्यांसाठी वेगळी सूत्रं आहेत, ती वापरणारे डॉक्टरही आहेत, पण त्यांना ती गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडचं मोतीबिंदूचं काम मोठ्या प्रमाणावर शिबिरांत होतं. त्या रांगेत ‘पूर्वी लेझर केलंय का?’ असं विचारताना मी कोणाला ऐकलेलं नाही, आणि तीस वर्षांपूर्वीची गोष्ट आपणहून सांगणारा पेशंटही विरळा.

पुस्तक कोणावर आरोप करत नाही. दवाखान्यांची आणि डॉक्टरांची नावं आम्ही सरसकट वगळली आहेत, कारण नाव आलं की वाचक त्रास विसरतो आणि बाजू घेतो. संमतीपत्राच्या प्रश्नावर मात्र आम्ही गप्प बसलेलो नाही. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं की संमती खरी ठरायची तर उपचार, त्याचे पर्याय आणि धोके रुग्णाला पुरेसे समजले पाहिजेत. इंग्रजीतल्या चार पानांवर डोळ्यांत ड्रॉप घातल्यावर घेतलेली सही त्यात कशी बसते, हे वकिलांनी सांगावं. लेझर करू नका असंही हे पुस्तक म्हणत नाही. ज्याचं नीट झालं त्याचा आनंद मी रोज पाहतो, त्यात माझं गिऱ्हाईक जातं हा भाग वेगळा. निवेदनं आम्ही त्रासाच्या प्रकाराप्रमाणे लावलेली नाहीत, कारण एका डोळ्यात तीन-तीन प्रकार एकत्र नांदतात. ती ज्या क्रमाने आली त्या क्रमाने छापली आहेत, भाषाही फारशी घासलेली नाही.

शेवटच्या पानावर एक कोरा तक्ता आहे. शस्त्रक्रियेची तारीख, कोणती पद्धत, आधीचा नंबर, आधीची कॉर्नियाची जाडी, आधीचे बाकाचे आकडे, झाकणाची जाडी, किती मायक्रॉन काढले, आणि नंतर स्थिरावलेला नंबर, एवढं त्यात भरायचं आहे. हे आकडे ऑपरेशन केलेल्या ठिकाणच्या फाईलमध्ये असतात. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात, पण ते जपून ठेवण्याची सक्ती दाखल रुग्णांच्या बाबतीतही तीनच वर्षांची आहे. त्यामुळे ज्यांचं लेझर अलीकडचं आहे त्यांनी हा तक्ता याच आठवड्यात भरून घ्यावा, त्याची एक प्रत घरातल्या कोणाकडे तरी द्यावी. ज्यांचं जुनं आहे त्यांनीही एकदा फोन करून पाहावा. काही दवाखान्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे कागद काढून दिल्याचे अनुभव आतल्या पानांत आहेत.